एर्मेलिंदानं घोडा भरला नाही

माझी वहिनी एर्मेलिंदा मूळची आल्कोर्वेलची नव्हे. तिचं माहेर नदीपलीकडचं, फ्रेशेदालचं. आणि फ्रेशेदालची माणसं आम्हाला खेचरं म्हणतात. पूर्वी म्हणत, आजही म्हणतात. गुरांच्या बाजारात आमच्यातला कुणी दिसला, की त्यांच्यातला एखादा तोंडाशी हात धरून रेकणारच. कारण आमच्या नगरपालिकेच्या दारावर गावाच्या चिन्हाची जी दगडी ढाल आहे, तिच्यावर खेचर कोरलेलं आहे.

तेही उभं नाही, बसलेलं. पुढचे पाय आखडून, कान मागे पाडून, पाठीवर घंटा घेऊन. गोष्ट अशी सांगतात, की फ्रेशेदालच्या सरदाराला आमचं गाव आपल्या मुलखात ओढायचं होतं. घंटा नसली की सभा बोलावता येत नाही, आणि सभा भरत नाही ते गाव नाही, असा तेव्हाचा रिवाज. म्हणून त्यानं आमची घंटा उतरवून एका खेचरावर लादली. खेचर पुलापर्यंत गेलं आणि तिथं बसलं. काठ्या मारल्या, शेपटीखाली पेटता बोळा धरला, पण ते उठलं नाही. पुलावर मेलं, पलीकडे गेलं नाही. तोवर आमची माणसं धावून आली आणि घंटा परत घेऊन गेली. राजाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो म्हणे पोट धरून हसला आणि त्यानं आम्हाला सनद दिली, ढाल दिली, ढालीवर खेचर दिलं. यातलं खरं किती, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही.

एर्मेलिंदाच्या लग्नात तिचे सख्खे भाऊ चर्चच्या दाराशी उभे राहून रेकले. माझा भाऊ बाल्ताझार हसला. तो खेचरांच्या पाठीवरून मीठ आणि बुचाची साल वाहायचा, त्याला त्या जनावराची कसली लाज! नवरी मात्र लालबुंद. घरी आल्यावर डोक्यावरचा रुमाल सोडायच्या आधी तिनं विचारलं, "अहो, तुमच्या गावाला दुसरं जनावर मिळालं नाही का? निदान गाय तरी?"

"गाय उठली असती," बाल्ताझार म्हणाला.

ती त्यावर हसली नाही. पहिली दोन-तीन वर्षं नगरपालिकेसमोरून जाताना ती वर बघायची नाही. पण हात मोठा गुणी. वेदीवरची कापडं, लग्नाचे पलंगपोस, जत्रेतल्या मिरवणुकीचे झेंडे, सगळं तिच्याकडे यायला लागलं. शाळेत मुलींना भरतकाम शिकवायचं कामही तिलाच मिळालं.

मग बाल्ताझार छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही दोघी, ती आणि मी, तिची बिनलग्नाची नणंद. सुतक सरलं तसे तिचे भाऊ बैलगाडी घेऊन आले. तिला विचारलं नाही, मला तर नाहीच. सरळ तिची पेटी उचलली आणि गाडीत ठेवली.

एर्मेलिंदा उंबऱ्यात बसली.

"ऊठ," थोरला म्हणाला.

"नाही."

"इथं कोण आहे तुझं? ही म्हातारी होत चाललेली नणंद?"

"हो. हीच."

"तूसुद्धा खेचरच झालीस की गं!"

"झाले," ती म्हणाली. "आता ती पेटी उतरवा."

त्यांनी पेटी रस्त्यात टाकली आणि निघून गेले. आम्ही दोघींनी ती ओढत आत आणली. त्यानंतर गावात कुणी तिला फ्रेशेदालवाली म्हटलं नाही.

आता झेंड्याचं सांगते.

त्या वर्षांत लिस्बनहून फर्मान आलं होतं, की प्रत्येक नगरपालिकेनं आपली ढाल आणि झेंडा नियमाप्रमाणं नव्यानं आखून मंजुरीला पाठवावा. आमच्यासारख्या लहान गावाला ढालीवर चार बुरुजांचा चंदेरी मुकुट, खाली पांढरी पट्टी आणि पट्टीवर काळ्या अक्षरात गावाचं नाव. याला कुणाची ना नव्हती. आमचा जुना झेंडा कसरीनं खाल्ला होता, नवा हवाच होता.

नगराध्यक्ष होते वकील लेओनेल पेनाल्व्हा. वरून नेमलेले. तेव्हा सगळेच वरून नेमलेले असत. माणूस दुष्ट नव्हता. दवाखान्याला छप्पर त्यांनीच घातलं, आणि डोंगरावरचं पाणी नळानं चौकापर्यंत आणलंही त्यांनीच. त्या पाण्याच्या हौदाचं उद्घाटन करायला जिल्ह्याचे गव्हर्नर येणार होते आणि त्याच दिवशी नवा झेंडा चढवायचा होता. वकीलसाहेबांनी एर्मेलिंदाला कचेरीत बोलावलं. रेशमाची बंडलं धरायला मी सोबत गेले.

टेबलावर रंगवलेलं चित्र होतं. वहिनीनं ते उचललं, खिडकीशी नेलं, परत आणलं.

"हा घोडा आहे," ती म्हणाली.

"घोडा. पांढरा, पुढचे पाय उचललेला. उमदं जनावर."

"आणि घंटा?"

"घंटा काढली. घोड्याच्या पाठीवर घंटा बरी दिसत नाही."

"मग खेचराच्या पाठीवर ठेवा. तिथं इतकी शतकं बरी दिसलीच ना!"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते, थकल्यासारखे दिसले. "एर्मेलिंदाबाई, तुम्हाला कल्पना नाही. मी कोइम्ब्राला कॉलेजात होतो. वर्गात पाय टाकला की मागच्या बाकांवरून रेकणं सुरू. अगदी शेवटच्या परीक्षेपर्यंत. आता मी लिस्बनला जाऊन तसलंच चित्र टेबलावर ठेवू? बसकं खेचर?"

"माझ्या लग्नात माझे भाऊ रेकले, साहेब."

"मग तुम्हाला तर कळायला हवं!"

"कळतं, म्हणून सांगते. रेकणारे थांबत नसतात. उद्या घोडा लावलात तर म्हणतील, बघा, खेचरांनी घोड्याचं सोंग आणलं. आज निदान सोंग तरी नाही."

"तुम्ही भरतकाम करायचं. काय भरायचं ते पालिका ठरवील."

"बुरूज भरीन," वहिनी म्हणाली. "पट्टी भरीन, नाव भरीन. घोडा भरणार नाही."

वकीलसाहेबांना वाटलं, बाईमाणूस, बोलते आणि मग ऐकते. त्यांनी रेशीम देऊन टाकलं.

आणि तिनं भरला की हो झेंडा! पिवळ्या रेशमावर चार बुरूज असे, की वीट न् वीट मोजून घ्यावी. पट्टीवर आल्कोर्वेलचं नाव. ढालीची कड सोनेरी दोऱ्यानं दुहेरी. पण ढालीच्या आत काही नाही, नुसतं कोरं लाल रेशीम. ठरल्या दिवशी तिनं तो कचेरीत नेऊन टेबलावर पसरला.

"मधलं राहिलं आहे," वकीलसाहेब म्हणाले.

"मधलं तुमचं आहे. तुम्ही भरा."

कारकुनाला हसू आवरेना, तो खोकत बाहेर पळाला. वकीलसाहेब मात्र या वेळी खरेच रागावले. त्या आठवड्यात शाळेतलं शिकवणं गेलं. पाद्रीबाबांनी सणाच्या झेंड्याचं काम काढून घेतलं. देताना मान खाली, काढून घेतानाही मान खालीच. मी घाबरले. आम्ही रोज कोबीचं सार आणि मक्याची भाकरी खात होतो. आता सारातला सॉसेजचा तुकडाही गेला.

"वहिनी," मी म्हणाले, "चार पायांचं जनावर ते. एक भरलंस काय आणि दुसरं भरलंस काय?"

"वन्सं, तुमचा भाऊ असता तर त्याच्यासमोर बोलला असतात हे?"

गावातही सगळे तिच्या बाजूचे होते असं नाही. समोरची पावभट्टीवाली बाझिलिसा, जिचा आवाज नदीपार जायचा, दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "खेचरानं माझी भट्टी पेटते का घोड्यानं विझते? या बाईला खाज आहे, दुसरं काही नाही!"

वकीलसाहेबांनी दुसरा झेंडा शहरातल्या कारखान्यातून करून आणवला. तो आला, कचेरीच्या खिडकीत टांगला, लोकांनी बघितला, खांदे उडवले. तेवढ्यावर भागलं असतं. पण मग त्यांनी गवंड्याला शिडी लावायला सांगितली. दारावरच्या दगडी ढालीवर चुन्याचा गिलावा चढवला, आणि त्यावर रंगाऱ्याकडून पांढरा घोडा काढवला.

गिलावा ओला होता तेव्हाच बाझिलिसा पावाची टोपली घेऊन चौकातून चालली होती. ती थांबली. टोपली खाली ठेवली. कितीतरी वेळ वर बघत राहिली. मग सरळ आमच्या घरी आली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि न विचारता स्टुलावर बसली.

"त्याचं तोंड बुजवलं गं त्यांनी," ती म्हणाली. "आधी कान तेवढे दिसत होते, मग तेही बुजवले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता काय करायचं, सांग."

"झेंडा करते," एर्मेलिंदा म्हणाली. "आपला."

ती लपूनछपून काही करणारी नव्हती. भर दुपारी खुर्ची दाराबाहेर टाकून तिनं लाकडी चौकटीवर कापड ताणलं आणि खडूनं खेचराची पाठ काढायला लागली. येणारे-जाणारे बघत होते. संध्याकाळ व्हायच्या आत हवालदार आनिसेतु आले. आमच्याच गल्लीतले, पण अंगावर वर्दी असली की त्यांना कुणी ओळखीचं नसे.

"एर्मेलिंदाबाई, हुकूम आहे. मंजूर नसलेला झेंडा, निशाण, पताका शिवायची नाही, लावायची नाही, घरात ठेवायची नाही."

"वाचून दाखवा."

त्यांनी वाचून दाखवलं. झेंडा, निशाण, पताका.

"पलंगपोस?" वहिनीनं विचारलं.

हवालदारांनी कागद पुन्हा बघितला. उलटाही करून बघितला. "पलंगपोसाचं काही नाही."

"मग हा पलंगपोस आहे."

"बाई, एवढासा पलंगपोस?"

"लहान पोराचा."

"तुमच्या घरात लहान पोर कुठं आहे?"

"हवालदारसाहेब, त्याचाही हुकूम आहे का?"

हवालदार तेवढं कापड जप्त करून गेले, पण जाताना त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको मागच्या दारानं आली. काखेत तिच्या लग्नातला पलंगपोस. "याच्यावर मधोमध जागा आहे," ती म्हणाली. "माझे हे म्हणाले, पलंगपोसाचं काही नाही."

त्यानंतर रोज बायका येत राहिल्या. एर्मेलिंदाकडून एकटीनं थोडंच होणार होतं! तिनं प्रत्येकीला खडूनं आकार काढून दिला, टाका दाखवला आणि सांगितलं, घरी जाऊन भर. शाळेत तिच्याकडे शिकलेल्या मुली आता संसारी झाल्या होत्या, त्यांचा हात लगेच बसला. बाकीच्यांनी देवाचं नाव घेऊन सुई चालवली. कुणाचं खेचर कुत्र्यासारखं झालं, कुणाचं सशासारखं. बाझिलिसानं तर तिच्या खेचराला दात भरले.

"खेचर बसलंय, बाझिलिसा. हसत नाहीये," वहिनी म्हणाली.

"हसत नाहीये ते. चावणार आहे."

हे पलंगपोस पुढं काय करायचे, ते कुणी बोलायचं नाही. बोलावंच लागलं नाही. कारण आमच्याकडे मिरवणूक असली की खिडक्यांतून पलंगपोस सोडायचे ही जुनीच पद्धत, आणि उद्घाटनाच्या आधी खुद्द वकीलसाहेबांनीच दवंडी पिटवली, की गव्हर्नरसाहेबांच्या मानासाठी प्रत्येक घरानं आपला उत्तमातला उत्तम पलंगपोस खिडकीत लावावा. आम्ही दवंडी ऐकली तेव्हा एर्मेलिंदा तांदूळ निवडत होती. ती खाली मान घालून निवडतच राहिली, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

उद्घाटनाच्या सकाळी ऊन लख्ख होतं. गव्हर्नरांची मोटार वेशीवर थांबली, बँड सुरू झाला, आणि मंडळी चढाच्या रस्त्यानं चौकाकडे निघाली. पुढे गव्हर्नर, शेजारी वकीलसाहेब, मागे पाद्रीबाबा. पहिल्या वळणापर्यंत खिडक्या रिकाम्याच होत्या. वळण घेतलं आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या खिडक्यांतून एकदम पलंगपोस सुटले. निळे, पांढरे, गुलाबी, लोकरीचे, तागाचे. आणि प्रत्येकावर बसलेलं खेचर, पाठीवर घंटा.

बँडमधला तुतारीवाला थांबला, मग एकेक करून सगळेच थांबले. वकीलसाहेब पांढरेफटक पडले. गव्हर्नर मान वर करून डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात. बाझिलिसाच्या खिडकीखाली ते उभे राहिले.

"बाई, हे काय?"

"पलंगपोस, साहेब!" नदीपार आवाज. "उत्तमातला उत्तम!"

"पण त्याच्यावर काय आहे?"

"आल्कोर्वेल आहे, साहेब!"

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं लोक हसतील, टाळ्या पिटतील, पण रस्त्यावर कुणी ब्र काढत नव्हतं. त्या शांततेतच मंडळी चौकात गेली. वकीलसाहेबांनी दोरी ओढली, घोड्याचा झेंडा वर चढला. झेंडा चढताना पुरुषांनी टोप्या काढायच्या असतात. एकानंही काढली नाही. शिपाई ओरडले, "टोप्या काढा!" तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी दोन्ही हातांनी टोप्या कानांपर्यंत खाली ओढल्या. एर्मेलिंदा काळ्या शालीत हौदाशी उभी होती. हात बांधलेले. झेंड्याकडे ती बघतच नव्हती, वकीलसाहेबांकडे बघत होती, आणि त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला धरून जिल्ह्याच्या गावी नेलं. कोठडीत ठेवलं. मी भाकरी आणि अंजिरं घेऊन गेले की तासन्‌तास बाहेर बसवायचे. काय विचारलं, ते तिनंच मला नंतर सांगितलं.

"कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"दवंडीवाल्याच्या. उत्तम पलंगपोस लावा म्हणाला."

"सगळ्यांवर खेचरच कसं आलं?"

"शिकवणारी एकच होती."

त्यांनी माफीनामा लिहून पुढं सरकवला. सही केली तर त्याच संध्याकाळी घरी. ती म्हणाली, "करते की. पण सहीच्या वर खेचर काढीन." अधिकाऱ्यानं टेबलावर मूठ आपटली. ती बसल्या जागेवरून हलली नाही. गारठा सुरू झाला, कोठडीची भिंत ओली, तिला खोकला लागला तो आयुष्यभर राहिला. शेवटी त्यांना तिला सोडणं भाग पडलं. पलंगपोसावर जनावर भरणं हा कुठला गुन्हा, ते कुणालाच लिहिता येईना, आणि जिल्ह्याच्या बाजारातही त्या प्रकरणावरून टवाळी सुरू झाली होती. ती आली तेव्हा वाळून काडी झाली होती. बाझिलिसानं तिला भट्टीजवळ बसवलं आणि गरम पाव दुधात कुस्करून भरवला. ती शिव्या देत खात होती, "लहान पोर आहे का मी?"

आता सांगायला हवं, की झेंडा बदलला नाही. घोडा मंजूर झाला आणि कचेरीवर कित्येक वर्षं फडकत राहिला. शाळेतलं कामही तिला परत मिळालं नाही. आम्ही शिवणटिपणावर दिवस काढले. पण आल्कोर्वेलची मुलगी खेचराच्या पलंगपोसाशिवाय सासरी जाईना, ही पद्धत पडली ती पडलीच, आणि त्या घोड्यासमोर टोपी काढलेला आमच्या गावचा माणूस मी पाहिला नाही. लग्न होऊन आलेले जावईसुद्धा काढत नसत.

एका वर्षी, वेलींची छाटणी चालू असताना, दारात वकील पेनाल्व्हा उभे राहिले. नगराध्यक्षपद केव्हाच गेलं होतं. केस पिकले होते. टोपी हातात.

"माझ्या मुलीचं लग्न ठरलंय," ते म्हणाले.

एर्मेलिंदानं त्यांना बसा म्हटलं नाही. सुईत दोरा ओवत राहिली.

"तिला हवाय. पलंगपोस. मी पुष्कळ सांगून पाहिलं."

"रंग?"

"निळा म्हणते."

"उभं की बसलेलं?"

"बसलेलं," ते म्हणाले.

"बरं. ईस्टरच्या आत देते."

तो पलंगपोस तिनं इतका मन लावून भरला, की मला राग आला. मी बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "वन्सं, पोरीनं बापाला इथवर चालत आणलं. तिचं काम वाईट करू?"

मग एप्रिलमधली ती क्रांती झाली, लिस्बनचं जुनं सरकार पडलं, वरून नेमणं बंद झालं, आणि आम्ही पहिल्यांदा मतं टाकून नगरपालिका निवडली. एर्मेलिंदा तेव्हा म्हातारी झाली होती, पण मत द्यायला रांगेत काठी टेकून उभी राहिली. खुर्ची दिली तर नाही म्हणाली. नव्या पोरांनी पहिल्याच सभेत घोडा खाली उतरवायचं ठरवलं, गवंडी लावून दारावरचा गिलावा फोडला. एक कान गिलाव्याबरोबर निघून आला, तो पुन्हा बसवला नाही. नवा झेंडा तिनंच भरावा म्हणून ते घरी आले. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिनं बाझिलिसाच्या नातीला भरायला बसवलं आणि बोटांनी चाचपत टाके तपासले. दोनदा उसवायला लावले.

झेंडा चढल्यावर नवा अध्यक्ष, तरणा मुलगा, हौसेनं म्हणाला, "आजी, तुमच्या गल्लीला आम्ही तुमचं नाव देणार आहोत."

"त्या गल्लीतलं गटार तुंबलंय," एर्मेलिंदा म्हणाली. "माझं नाव त्या घाणीवर लावायचं?"

"तसं नाही, आजी, मानाचं…"

"आधी गटार. नावाचं मग बघू."

ती पुढच्या सभेलाही जाऊन बसली, त्याच्या पुढच्याही. गटार झालं. फरशी घातली, वरच्या टोकाला दिवाही लागला. नावाचा ठराव त्यांनी पुन्हा आणला, तेव्हा ती उठून म्हणाली की खालच्या गल्लीतही पाणी तुंबतं. लोक हसले, अध्यक्षानं कपाळाला हात लावला, आणि खालच्या गल्लीचं काम यादीत गेलं.

ते पुरं व्हायच्या आधी ती गेली. गल्लीला अजून जुनंच नाव आहे. पावसात पाणी मात्र साचत नाही.